परदेशातून एमबीबीएस करून आलात? एफएमजीई ते पर्मनंट रजिस्ट्रेशन : कोणतं काम कधी करायचं

एफएमजीईच्या, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांना भारतात डॉक्टरकी करण्याआधी द्याव्या लागणाऱ्या स्क्रीनिंग टेस्टच्या, अर्जाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली की फोन सुरू होतात. "सर, डिग्री हातात आहे, पण अपॉस्टिलचा शिक्का राहिलाय." "मार्कशीटवर बाबांचं नाव आहे, डिग्रीवर नाही, चालेल का?" "युनिव्हर्सिटी मेलला उत्तरच देत नाहीये." सहा-सहा वर्षं घरापासून लांब, परक्या भाषेत, कडाक्याच्या थंडीत शिकून आलेली ही मुलं-मुली असतात. त्यांची मेहनत कमी पडलेली नसते, कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी परीक्षा काढू, कागद मग बघू, असं जवळजवळ प्रत्येकानं ठरवलेलं असतं.

परीक्षा हुकली तर सहा महिन्यांनी पुन्हा देता येते. एक कागद परदेशातच राहून गेला, तर पास होऊनही वर्ष जातं. म्हणून या लेखात अभ्यासाइतकीच जागा कागदांना दिली आहे. शेवटच्या वर्षाला असाल तर पहिल्या टप्प्यापासून वाचा. परत आला असाल तरी पहिले तीन टप्पे वगळू नका.

टप्पा १ : तुमच्या प्रवेशाच्या तारखेला कोणता नियम लागतो ते बघा

वहीत एक तारीख लिहा : परदेशातल्या मेडिकल कॉलेजात तुमचा प्रवेश कधी झाला. पुढचं बरंच काही या तारखेवर ठरतं.

मे २०१८ पासून परदेशात एमबीबीएसला जायचं तर नीट-यूजी पात्र असणं बंधनकारक आहे. नीटचा निकाल यासाठी तीन वर्षं धरतात. स्कोअरकार्डची प्रिंट घरात कुठे आहे ते आजच शोधा, कारण सहा वर्षांनी जुन्या लॉगिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

१८ नोव्हेंबर २०२१ ही दुसरी तारीख. त्या दिवशी नॅशनल मेडिकल कमिशनचे, म्हणजे एनएमसीचे, परदेशी पदवीधरांसाठीचे लायसन्शिएट (परवान्याचे) नियम लागू झाले. त्याआधी पदवी मिळालेल्यांना किंवा त्या दिवशी परदेशात शिकत असलेल्यांना हे नियम लागत नाहीत. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांनी मात्र यातली प्रत्येक अट कागदावर सिद्ध करायची असते :

– कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा.
– त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी.
– शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं.
– संपूर्ण शिक्षण आणि प्रशिक्षण एकाच संस्थेत, भारताबाहेर झालेलं हवं. त्यातला कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही.
– ज्या देशाची पदवी, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्यास तुम्ही पात्र हवेत, आणि तो तिथल्या नागरिकाला मिळणाऱ्या परवान्याच्या तोडीचा हवा.
– प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सगळं पूर्ण झालेलं हवं.
– भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची देखरेखीखालची इंटर्नशिप करायची. परदेशातली केली म्हणून इथली सुटत नाही.

परवान्याच्या अटीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. काही देशांत परदेशी विद्यार्थ्याला पदवी मिळते, पण तिथं डॉक्टरकी करण्याची मुभा नसते. एजंट 'एनएमसी अप्रूव्ह्ड कॉलेज' म्हणतो तेव्हा या अटीबद्दल अवाक्षर काढत नाही. घरात धाकटा भाऊ किंवा बहीण जायच्या तयारीत असेल, तर पैसे भरण्याआधी हा एकच प्रश्न लेखी विचारायला लावा. तसंच, काही देशांत मुख्य कोर्सच्या आधी प्री-मेडिकल वर्षं असतात. ती धरून ५४ महिन्यांचा हिशेब जुळवू नका. वैद्यकीय कोर्सचे महिने वेगळे मोजा.

सूट कुणाला? अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये मूळ वैद्यकीय पदवी आणि त्यानंतर पदव्युत्तर वैद्यकीय पदवी मिळवलेल्या आणि त्या पदवीवर तिथं नोंदणीस पात्र असलेल्या भारतीयाला स्क्रीनिंग टेस्ट द्यावी लागत नाही. त्या देशांत नुसतं काम केलं म्हणून सूट मिळत नाही.

नेक्स्ट, म्हणजे एफएमजीईची जागा घेणारी नियोजित परीक्षा, येणार म्हणून थांबलेले विद्यार्थीही भेटतात. थांबू नका. आज एफएमजीई चालू आहे, आणि ती पास झालात तर पुढचा रस्ता उघडतो.

टप्पा २ : परदेशातलं शहर सोडण्याआधी

पदवीदान झालं की सगळ्यांना घरी जायची घाई असते. तिकीट काढलेलं असतं, हॉस्टेल सोडायचं असतं. याच पंधरवड्यात चूक होते. विमानतळावर जाण्याआधी पुढचे कागद हातात हवेत. "नंतर कुरिअरने पाठवतो" असं मित्र म्हणाला तरी ऐकू नका.

१. मूळ डिग्री आणि तिची पुरवणी.
२. सर्व वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट : विषय आणि तासांसकट, शिक्का आणि सही असलेलं.
३. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र. सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, हॉस्पिटलचं नाव आणि विभागवार पोस्टिंग त्यावर असावी.
४. इंग्रजी माध्यमाचं पत्र.
५. तुम्ही तिथं प्रॅक्टिसच्या परवान्यास पात्र आहात असं तिथल्या अधिकृत यंत्रणेचं पत्र, किंवा परवाना घेतला असेल तर तोच.
६. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत प्रत्यक्ष वर्गात हजर होतात याचं पत्र. कोविडमुळे किंवा युद्धामुळे काही काळ ऑनलाइन शिकला असाल, तर तो काळ नंतर प्रत्यक्ष वर्ग आणि वॉर्डात कसा भरून काढला, हे तारखांसकट.
७. प्रवेशाचं मूळ पत्र.

सहावा कागद सगळ्यात जास्त मुलांना अडवतो. 'विद्यार्थ्याने अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला' असं एका ओळीचं पत्र घेऊन मुलं येतात. मेडिकल कौन्सिलच्या टेबलावर त्याला किंमत नाही. तिथं तुमच्या पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के आणि पत्रातल्या तारखा शेजारी ठेवून बघतात. पत्रात मार्चमध्ये वॉर्ड पोस्टिंग आणि पासपोर्टवर त्याच मार्चमध्ये मुंबईचा शिक्का, असं झालं तर फाइल तिथंच थांबते. म्हणून पत्र हातात पडल्यावर डीन ऑफिसच्या पायरीवरच बसून पासपोर्टशी एकेक तारीख ताडून पाहा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

सावध : ऑनलाइन काळ 'भरून काढल्याचं' प्रमाणपत्र पैसे देऊन मिळवून देणारे भेटतात. कोर्सचे महिने न वाढता दोन वर्षांचा ऑनलाइन काळ भरून निघाला असं दाखवणारा कागद कुणालाच पटत नाही, आणि खोटा ठरला तर डागाळते तुमची नोंदणी. काळ भरून निघालेला नसेल तर ते खरं सांगा. जास्तीचं प्रशिक्षण करावं लागेल, पण फाइल स्वच्छ राहील.

अपॉस्टिल. परदेशी कागद भारतात चालावा म्हणून त्या देशाच्या अधिकृत यंत्रणेचा अपॉस्टिल शिक्का किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं अ‍ॅटेस्टेशन लागतं. अपॉस्टिल त्याच देशात होतं. भारतात परत आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून परदेशी डिग्रीचं अपॉस्टिल करून मिळेल, हा मोठा गैरसमज आहे. कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर करून घ्या. भाषांतर मूळ कागदाला शिवलेलं असेल तर ते सुटं करू नका, टाचणीही काढू नका.

जुना पासपोर्ट. शिकताना पासपोर्ट संपून नवा मिळाला असेल तर जुना जपून ठेवा. सगळे व्हिसा आणि शिक्के त्यातच आहेत. घरी पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही पासपोर्टची सगळी पानं, कोरीसुद्धा, स्कॅन करून ठेवा.

टप्पा ३ : नाव सगळीकडे एकसारखं आहे का?

हा टप्पा अर्ध्या तासाचा वाटतो आणि लोकांचे सहा-सहा महिने खातो.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम असतो. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. परदेशी युनिव्हर्सिटी पासपोर्टवरून नाव घेते, कधी वडिलांचं नाव गाळते, कधी तेच आडनाव समजते. त्यात रशियन लिपीचा फेरा असेल तर आणखी गंमत नको तिथं होते : महेशमधला 'ह' त्या लिपीत जाऊन इंग्रजीत परत येताना 'ख' होतो आणि डिग्रीवर 'माखेश' उमटतं, राजेशचा 'ज' परतताना 'द्झ' होतो आणि 'राद्झेश' तयार होतो. युनिव्हर्सिटीच्या क्लार्कला यात काहीच वावगं दिसत नाही. इथल्या कौन्सिलला मात्र ती दोन वेगळी माणसं दिसतात.

एका मुलीची फाइल माझ्यासमोर आहे असं समजा. दहावीला पूर्ण नाव, नीटला वडिलांच्या नावाशिवाय, डिग्रीवर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, आणि शेवटच्या वर्षी लग्न झाल्यामुळे आधार कार्डावर सासरचं आडनाव. चार कागद, चार नावं. अशी फाइल मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं तर सगळं टळलं असतं.

असं करा : एका कागदावर उभी यादी करा. दहावी, बारावी, नीट, जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट, प्रवेशपत्र, डिग्री, ट्रान्सक्रिप्ट, आधार, पॅन. प्रत्येकासमोर नाव जसंच्या तसं, स्पेलिंग आणि स्पेससह लिहा. जन्मतारीखही लिहा. जिथं फरक दिसेल तिथं लाल खूण करा. डिग्रीवरची चूक युनिव्हर्सिटीकडूनच दुरुस्त करून घ्या. तिथून शक्य नसेल तर 'ही एकाच व्यक्तीची नावं आहेत' असं युनिव्हर्सिटीचं पत्र घ्या आणि सोबत भारतात प्रतिज्ञापत्र करा. नुसतं प्रतिज्ञापत्र ही शेवटची पायरी समजा. लग्न झालं असेल तर पर्मनंट रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत कोणत्याही कागदावर नाव बदलू नका. आधीच बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र प्रत्येक फाइलला जोडा.

तपासा : यादीत एकही लाल खूण स्पष्टीकरणाच्या कागदाविना राहिली असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४ : एलिजिबिलिटी सर्टिफिकेट आणि परीक्षेचा अर्ज

ही दोन कामं दोन वेगळ्या कार्यालयांची आहेत, आणि ती एकच समजणं ही नेहमीची चूक. एलिजिबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे ही परीक्षा द्यायला पात्र असल्याचं प्रमाणपत्र, एनएमसी देतं. परीक्षा घेतं नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेस, म्हणजे एनबीईएमएस, ज्याला सगळे अजून 'एनबीई' म्हणतात. रजिस्ट्रेशन राज्याची मेडिकल कौन्सिल करते, म्हणजे महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल (एमएमसी). एका ठिकाणी दिलेला कागद दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक ठिकाणी पूर्ण संच नव्यानं द्यायचा.

एलिजिबिलिटीचा अर्ज परीक्षेच्या अर्जाच्या बऱ्याच आधी करा. बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे गुण, नीट, प्रवेशपत्र, पासपोर्ट हे सगळं तिथं बघतात. त्रुटी निघाली की ती कळवतात, तुम्ही उत्तर देता, पुन्हा रांग. यात आठवडे जातात. शेवटच्या वर्षातच हे काम सुरू केलेलं बरं.

एफएमजीई वर्षातून दोनदा होते. एक सत्र जून-जुलैच्या सुमारास, दुसरं डिसेंबर-जानेवारीच्या. प्रत्येक सत्रासाठी एक कटऑफ तारीख असते : त्या दिवशी किंवा त्याआधी तुमच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागलेला हवा. डिग्रीवरची तारीख आणि निकालाची तारीख यांत गल्लत करू नका.

अर्ज भरताना :

१. माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून अर्ज भरू नका. दर सत्राला तपशील बदलतात.
२. फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा सांगितलेल्या मापात अपलोड करा. मोबाइलवर चष्म्यात चकाकी आलेला फोटो परत येतो.
३. ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या. एजंटचा किंवा क्लासचा दिलात तर त्रुटीची सूचना तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाची दोन वर्षं अशा एका नंबरामुळे गेली आहेत.
४. स्कॅन रंगीत आणि चारही कडा दिसतील असा करा. अपॉस्टिलचा शिक्का मागच्या बाजूला असेल तर मागची बाजूही त्याच पीडीएफमध्ये घ्या. 'अपॉस्टिल जोडलेलं नाही' अशी त्रुटी निघण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं.
५. दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हा सगळं बरोबर वाटत असलं तरी लॉगिन करून प्रत्येक रकाना पुन्हा वाचा.

सावध : अर्ज सबमिट झाला म्हणजे पात्रता मान्य झाली असं नाही. कागदांची छाननी त्यानंतर होते. त्रुटी पूर्ण करायची तारीख उलटली तर अर्ज बाद होतो. दर दोन दिवसांनी लॉगिन करून बघायची सवय लावा.

टप्पा ५ : अभ्यास, पण आधी आकडे मांडून

पेपर ३०० प्रश्नांचा. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न, प्रत्येकी १५० मिनिटं. प्रश्न इंग्रजीत, चार पर्याय, संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला १५० गुण लागतात. १४९ ला काही मिळत नाही. कितीही वेळा परीक्षा देता येते, पण बऱ्याच सत्रांत पाच जणांतला साधारण एकच पास होतो. म्हणून 'पहिला प्रयत्न अनुभवासाठी' हा विचार मनातून काढून टाका.

गुणांची विभागणी समोर ठेवा. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्य) ३०. हे चार मिळून १२५. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३, म्हणजे ३९. डोळे, कान-नाक-घसा आणि बालरोग प्रत्येकी १५, म्हणजे ४५. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, म्हणजे ५१. फॉरेन्सिक १०. मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूल, ऑर्थो आणि रेडिओडायग्नोसिस प्रत्येकी ५, म्हणजे ३०.

आता स्वतःचा अभ्यास या आकड्यांशी ताडून बघा. मी पहिल्या प्रयत्नात नापास झालो तेव्हा माझी अ‍ॅनाटॉमी उत्तम होती. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्याजवळच्या नसांचं जाळं, झोपेतही काढला असता. कम्युनिटी मेडिसिन मात्र शेवटच्या पाच दिवसांसाठी ठेवलं होतं. १७ गुणांच्या विषयाला मी दोन महिने दिले आणि ३० गुणांच्या विषयाला पाच दिवस. सात गुणांनी गेलो.

परदेशात शिकलेल्यांच्या दोन कमकुवत जागा ठरलेल्या असतात, कारण त्या तिथं शिकवतच नाहीत.

पहिली, भारताचं सार्वजनिक आरोग्य. आपलं लसीकरणाचं वेळापत्रक तोंडपाठ हवं : जन्मताच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला ९ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. क्षयरोगाच्या कार्यक्रमाचं नाव २०२० मध्ये बदलून एनटीईपी झालं, पण जुन्या नोट्समध्ये अजून आरएनटीसीपी असतं आणि औषधं देण्याची जुनी पद्धतही तशीच असते. आशा, अंगणवाडी, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे लोकसंख्येचे निकष पाठ करा. शक्य असेल तर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन एक दिवस नुसतं बसून बघा. कोल्ड चेनच्या फ्रीजमध्ये कोणती लस कुठे ठेवतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरत नाही.

दुसरी, फॉरेन्सिक. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. सीनियरकडून आलेल्या नोट्सवर जुनी कलमं असतील तर पेन घेऊन बदला. विषबाधेत ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांतलं विष) आणि सर्पदंश नीट करा. परदेशातल्या वॉर्डात हे रुग्ण फारसे दिसत नाहीत, पण इथं इंटर्नशिपच्या पहिल्याच रात्री दिसतील.

वेळेची आखणी माझ्या अनुभवातून अशी. सहा महिने पूर्णवेळ मिळत असतील तर पहिले साडेतीन महिने सगळ्या विषयांची पहिली फेरी, विषय संपला की त्याच दिवशी त्याचे जुने प्रश्न. पुढचे दीड महिना दुसरी फेरी, यात फक्त स्वतःच्या नोट्स आणि चुकलेले प्रश्न. शेवटचा एक महिना तिसरी फेरी आणि दर पाच-सहा दिवसांनी एक पूर्ण ग्रँड टेस्ट. ती खऱ्या परीक्षेसारखीच द्या : सकाळी १५० प्रश्न, मध्ये विश्रांती, दुपारी १५०. घरी पलंगावर पडून ३०-३० प्रश्न सोडवणाऱ्याची दुपारच्या सत्रात दमछाक होते, आणि निम्मे गुण तर दुपारीच असतात.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा, आणि त्यात उत्तराऐवजी चूक का झाली ते लिहा. 'माहीत नव्हतं', 'माहीत होतं, आठवलं नाही', 'प्रश्न नीट वाचला नाही' अशा तीन खुणा पुरतात. दोन महिन्यांनी मोजा. तिसऱ्या खुणा जास्त असतील तर आणखी वाचून फायदा होणार नाही. 'यांपैकी कोणते नाही' हे शब्द वाचताना थांबण्याची सवय लावावी लागेल.

तीन क्लासेसची व्हिडिओ लेक्चर एकाच वेळी घेणं ही आणखी एक घातक चूक. एकच स्रोत घ्या आणि तीनदा संपवा.

तपासा : शेवटच्या तीन ग्रँड टेस्टमध्ये १७० च्या वर असाल तर ठीक. १५०-१५५ वर असाल तर परीक्षेच्या दिवसाचा ताण तेवढे गुण सहज खाऊ शकतो. नवीन काही न वाचता ५-५ गुणांच्या सहा छोट्या विषयांवर आठवडा द्या. त्यांत कमी वाचून जास्त मिळतं.

टप्पा ६ : परीक्षेचा दिवस

केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र, ज्यावरचं नाव अर्जाशी जुळतं तेच, सोबत न्या. दागिने, घड्याळ, मोबाइल बाहेर. मंगळसूत्र किंवा कडं याबद्दल माहितीपत्रकात काय लिहिलंय ते आधीच वाचून या, गेटवर वाद घालून मन बिघडवू नका. गेट ठरलेल्या वेळी बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही.

चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पेपर विभागांत वाटलेला असेल आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र वेळ असेल, तर वेळ संपल्यावर मागे जाता येत नाही. अशा वेळी 'नंतर बघू' म्हणून खूण केलेले प्रश्न त्याच विभागाच्या शेवटच्या पाच मिनिटांत संपवा. दोन सत्रांच्या मधल्या वेळात मित्रांशी उत्तरं ताडू नका. सकाळी चुकलेला एक प्रश्न दुपारचे दहा नेतो.

टप्पा ७ : निकाल लागल्यावर

पुनर्मूल्यांकन किंवा फेरतपासणी नसते. तसं करून देतो म्हणणारा माणूस फसवतो आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण असे फोन त्यांनाच जास्त येतात.

पास झालात तर स्कोअरकार्ड डाउनलोड करून लगेच दोन ठिकाणी साठवा. पास सर्टिफिकेट वेगळं असतं. ते घेण्यासाठी एनबीईची सूचना निघते, आणि मूळ कागदपत्रं घेऊन उमेदवारानं स्वतः दिल्लीत जाऊन ओळख पटवायची असते. बाबांना किंवा मित्राला पाठवून चालत नाही. पडताळणीत मूळ डिग्री, अपॉस्टिल, पासपोर्ट सगळं पुन्हा बघतात, म्हणून तिसऱ्या टप्प्यातली यादी आणि तिचे खुलासे सोबत ठेवा.

नापास झालात तर पंधरा दिवस घ्या, घरच्यांसोबत राहा. मग वही उघडा आणि कुठे गुण गेले ते आकड्यात मांडा. क्लास बदलण्याचा निर्णय हे मांडून झाल्यावरच घ्या.

टप्पा ८ : प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन आणि इंटर्नशिप

स्क्रीनिंग पास म्हणजे डॉक्टरकीचा परवाना नव्हे. आधी राज्य कौन्सिलकडे प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, रजिस्ट्रेशन, मग इंटर्नशिप, मग पर्मनंट. हा क्रम कुठेही मोडता येत नाही.

अर्जाला एफएमजीईचं पास सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, नीट, दहावी-बारावी, अपॉस्टिल केलेली डिग्री आणि ट्रान्सक्रिप्ट, परदेशी इंटर्नशिप, प्रत्यक्ष हजेरीचं पत्र, दोन्ही पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती जोडतात. डिग्री खरी आहे का याची पडताळणीही होते, आणि त्यात युनिव्हर्सिटीच्या उत्तरावर सगळं अडतं. परदेश सोडताना तिथल्या परदेशी विद्यार्थी विभागातल्या व्यक्तीचा थेट ईमेल घेऊन ठेवला असेल तर इथं महिने वाचतात.

इंटर्नशिपच्या जागा मर्यादित असतात. एनएमसीच्या मार्च २०२२ च्या परिपत्रकानुसार कॉलेजच्या मंजूर जागांच्या जास्तीत जास्त ७.५ टक्के अतिरिक्त जागा परदेशी पदवीधरांसाठी. त्याच परिपत्रकानुसार कॉलेजनं तुमच्याकडून इंटर्नशिपसाठी फी घ्यायची नाही, आणि स्टायपेंड इथल्या पदवीधरांइतकाच द्यायचा. ही दोन वाक्यं छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. फी मागितली तर वाद न घालता लेखी मागणी द्या म्हणावं, आणि ती घेऊन कौन्सिलकडे जावं.

जागांची सूचना निघते तेव्हा अर्जाची मुदत थोडी असते. फाइल तयार नसलेले मागे पडतात आणि पुढच्या फेरीची वाट बघतात. लांबच्या जिल्ह्यातलं कॉलेज मिळालं तर नाही म्हणू नका. तिथं हातांना काम जास्त मिळतं, आणि परदेशात भाषेमुळे रुग्णांशी बोलायचं राहून गेलं असेल तर ते इथंच भरून निघतं.

सावध : रजिस्ट्रेशन नसताना रुग्ण तपासू नका, प्रिस्क्रिप्शन लिहू नका, 'आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्री बसा, कुणी विचारत नाही' असं सांगणाऱ्या नर्सिंग होममध्ये जाऊ नका. नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात यासाठी एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. स्क्रीनिंग पास न करताच रजिस्ट्रेशन मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला, तोही जुन्या नोंदी उकरून. मध्यस्थाकडून 'काम करून घेणं' दहा वर्षांनीही अंगावर येतं.

टप्पा ९ : पर्मनंट रजिस्ट्रेशनपर्यंत

इंटर्नशिप पूर्ण १२ महिन्यांची हवी. रजेची मर्यादा ओलांडली तर तेवढे दिवस वाढवून करावे लागतात. लॉगबुक रोज भरा आणि पोस्टिंग संपल्याच्या दिवशीच युनिट प्रमुखांची सही घ्या. वर्षअखेरीस सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलात तर कुणाची बदली झालेली असते, कुणी रजेवर असतं. कम्युनिटी मेडिसिनच्या बारा आठवड्यांची नोंद ग्रामीण आणि शहरी केंद्रांप्रमाणे वेगळी ठेवा.

पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की त्यावरची सुरुवातीची आणि शेवटची तारीख प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनच्या मुदतीत बसते का ते बघा. इंटर्नशिप लांबली आणि प्रोव्हिजनल मध्येच संपलं असेल तर आधी मुदतवाढ घ्या, मग पर्मनंटचा अर्ज करा. उलट केलंत तर मधल्या दिवसांवर प्रश्न येतो.

पर्मनंट क्रमांक हातात आल्यावर, आणि तेव्हाच, लेटरहेड छापायला टाका. महाराष्ट्रात हे रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षण कार्यक्रमांचे, ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून पहिल्या सीएमईचं प्रमाणपत्र त्याच फाइलमध्ये, दहावीच्या मार्कशीटच्या मागे लावा. लग्नानंतरचं नाव बदलायचं असेल तर त्याचा अर्जही आता करा, आधी कौन्सिलमध्ये, मग पासपोर्टवर.